खाटीक, वाणी, हलवा : पक्षी कोण, मासा कोण, कीटक कोण?

माळरान : सोसायटीतील मुलांच्या प्रश्नमंजूषेसाठी मी खाटीक, वाणी, हलवा, वारकरी, टाचणी, लेपा आणि राणी ही नावे निवडली असून, मुलांनी त्यांची पक्षी, मासे आणि कीटक अशी विभागणी करायची आहे. निव्वळ नावावरून गट ओळखण्याची काही खूण आहे का, की प्रत्येक नाव पाठच करावे लागते?

पाणवठा : ठाम नियम नाही, मात्र व्यवसायावरून पडलेले नाव बहुधा पक्ष्याचे निघते, कारण पक्ष्यांचे वागणे आणि आवाज दुरूनही लक्षात येतात. खाटीक पकडलेले टोळ आणि सरडे बाभळीच्या काट्याला टोचून ठेवतो व सवडीने लचके तोडून खातो, तर तांबटाची एकसुरी ‘टुक् टुक्’ भांड्यावर हातोडी पडावी तशी ऐकू येते. वारकरी म्हणजे कपाळावर पांढरा टिळा असलेला काळा पाणपक्षी. त्यालाच चांदवाही म्हणतात.

किनारपट्टी : हलवा आणि लेपा हे मासे आहेत. हलवा पापलेटसारखा दिसत असला तरी त्याचे कूळ वेगळे आहे. लेपा तळाच्या वाळूत आडवा पडून राहतो आणि त्याचे दोन्ही डोळे एकाच बाजूला असतात. पिल्लाचे डोळे मात्र इतर माशांप्रमाणे दोन बाजूंना असून वाढीच्या काळात त्यांतील एक सरकत पलीकडे जातो. ‘राणी’ कृपया वगळावी. मासळीबाजारात राणी हा गुलाबी मासा आहे, २०१५ मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरलेली राणी पाकोळी निराळी, आणि नुसती पाकोळी म्हटले तर तो पक्षीही असतो!

सहापायी : व्यवसायाच्या खुणेवर फार विसंबू नये, कारण चिखलाचे घर बांधणारी कुंभारीण ही माशी आहे. टाचणी हा चतुराच्या नात्यातला कीटक असून चतुर बसताना पंख आडवे पसरतो, तर टाचणी ते बहुधा पाठीवर मिटून घेते. वाणी मात्र आपल्या तिन्ही गटांत बसत नाही : कीटकाला सहाच पाय असतात, तर वाण्याच्या शरीराच्या बहुतेक वलयांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात. याच कारणास्तव आठ पायांचा मृगाचा किडाही कीटक नव्हे. तो कोळ्यांना जवळचा आहे.

माळरान : आभारी आहे. वाणी ठेवतो आणि ‘यांपैकी नाही’ असा चौथा रकाना वाढवतो. राणीच्या जागी मोरी घेतली तर चालेल का?

किनारपट्टी : अवश्य घ्यावी, फक्त मुले मुंबईची असतील तर उत्तरात ‘मुशी’ हे नावही लिहावे, अन्यथा घरी मासे खाणारी मुलेसुद्धा अडतील.