अकरा वर्षांच्या मुलीसाठी पहिले तट्टू घ्यायचे आहे, सल्ला हवा

कृष्णाकाठ
नमस्कार. आम्ही वाईजवळ राहतो. माझी मुलगी ११ वर्षांची आहे, तिचे वजन ३४ किलो आहे आणि गेली दोन वर्षे ती दर रविवारी एका रायडिंग क्लबात शिकते आहे. चाल आणि दुडकी तिला व्यवस्थित जमते, कँटर (दुडकीपेक्षा वेगाची चाल) नुकताच सुरू झाला आहे. घरामागे दोन एकर मोकळे रान, रिकामा गोठा आणि विहिरीचे पाणी आहे. खोगीर, लगाम आणि डॉक्टरांची तपासणी धरून ९० हजार रुपयांच्या वर मला जाता येणार नाही आणि महिन्याला ८ हजारांपर्यंत खर्च करता येईल. स्पर्धांचा विचार नाही. तिला रोज संध्याकाळी बांधावरून, गाडीरस्त्याने सुरक्षित हिंडता यावे, एवढीच इच्छा आहे. किती वयाचे जनावर घ्यावे, घोडी घ्यावी की घोडा, आणि कोठे पाहावे, हे कृपया या रकमेच्या मर्यादेत सांगावे.

तापीकाठ
ताई, दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठच्या सारंगखेड्याला घोड्यांच्या यात्रेला या, दुसरीकडे कोठेही पाहू नका. मी तेथूनच तीन वर्षांपूर्वी अडीच लाखांना मारवाडी घोडा आणला. पंचकल्याणी (चारही पाय आणि कपाळ पांढरे) आहे, गळ्यावर देवमण हा शुभ भोवरा आहे आणि कान उभारले की टोकाला टोक लागते. लग्नसराईत त्याला पाहायला गर्दी जमते. एकदाच घ्यायचे आहे, तेव्हा रक्कम थोडी वाढवा आणि जातिवंत घ्या. अंगावरचे केसांचे भोवरे मात्र जाणत्या माणसाकडून पाहून घ्या, कारण अशुभ भोवऱ्याचे जनावर पुढे कोणी विकत घेत नाही.

शर्यतीनंतर
माझी चूक सांगतो, म्हणजे तुमची टळेल. शर्यतीतून निवृत्त झालेला ६ वर्षांचा थरोब्रेड मला जवळजवळ फुकट मिळाला आणि तो मी १३ वर्षांच्या मुलासाठी घेतला. पहिले दोन आठवडे तो गाईसारखा होता. नंतर खुराक अंगी लागला, आणि एके दिवशी मागून टेम्पोचा हॉर्न वाजताच जो सुटला तो मुलाने लगाम ओढला तसा अधिकच जोरात धावला. मुलाच्या गळ्याजवळचे हाड मोडले. यात त्या घोड्याचा काहीही दोष नव्हता. या घोड्यांना दुसऱ्या वर्षापासून शर्यतीचे काम असते, लगामावर भार टाकून पळायचे हेच त्यांना शिकवलेले असते, आणि थांबणे म्हणजे काय हे मी त्याला कधी शिकवलेच नव्हते. आता तो एका अनुभवी स्वाराकडे आहे आणि उत्तम चालतो. फुकटचा घोडा घेऊ नका. त्याचा खुराकच महिन्याला तुमच्या ८ हजारांच्या दुप्पट होतो.

मेंढवाडा
तुम्ही वाईच्या आहात, मग तापीपर्यंत कशाला जायचे? पुणे, सातारा, सोलापूर, नगर या पट्ट्यातील धनगरांच्या वाड्यावर जी बुटकी, काटक घोडी दिसते, ती भीमथडी. संसार पाठीवर घेऊन, वर कोंबड्या आणि कोकरे बांधून ती कोकणात उतरते आणि पावसाळ्याआधी परत चढते. अनेक वर्षे तिला ‘गावठी’ म्हणून हिणवले गेले. आता राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून तिची नोंद झाली आहे. कडब्यावर आणि चरण्यावर राहते, नाल नसला तरी दगडात चालते. माझ्याकडे दोन आहेत आणि एकीलाही कधी डॉक्टर लागला नाही. तुमच्या रकमेत दोन येतील.

डोंगरवाट
भीमथडी चांगली, हे मान्य आहे. पण ओझ्याला तयार झालेली घोडी आणि स्वाराच्या पायाचा इशारा समजणारी घोडी यांत फरक असतो, हे वरच्या प्रतिसादात आलेले नाही. मी स्वतः माथेरानचा घोडा घेतला होता. दरीच्या काठावर माणसांच्या गर्दीत तो अगदी शांत असे. पण माथेरानला मोटारींना बंदी आहे, हे माझ्या लक्षातच आले नाही. खाली आणल्यावर त्याने पहिली एस.टी. पाहिली आणि तो मला घेऊन उसात शिरला. शिवाय समोर दुसरा घोडा असेल तरच तो चालायचा, एकटा फाटकाबाहेर पाऊल टाकायचा नाही. जनावर कोठे शांत आहे, हे विचारा. नुसते शांत आहे का, असे विचारू नका.

माळावरची पागा
मी गेली २२ वर्षे मुलांसाठी आणि हौशी स्वारांसाठी तट्टे वाढवतो, शिकवतो आणि विकतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

मुलांचे तट्टू जन्मत नाही, घडवावे लागते, आणि त्याला आठ वर्षे लागतात. शिंगरू पहिल्या आठवड्यात असतानाच मी त्याच्या अंगावरून हात फिरवतो, चारही पाय उचलून खाली ठेवतो, म्हणजे पुढे नालबंद आला की लाथ बसत नाही. सहाव्या महिन्यात दूध तोडतो. दोन वर्षांचे होईपर्यंत पाठीवर काहीही ठेवत नाही. फक्त दोरीने शेजारी चालवतो, पण रोज नव्या ठिकाणी: पिठाच्या गिरणीसमोर, ओढ्यातून, फडफडणाऱ्या ताडपत्रीजवळून, शाळा सुटते त्या वेळी शाळेसमोर. तिसऱ्या वर्षी लांब लगाम लावून मी मागून चालतो, म्हणजे पुढे कोणी नसताना स्वतः रस्ता पाहण्याची त्याला सवय लागते. डोंगरवाट यांच्या घोड्यात हीच गोष्ट राहून गेली होती. चौथ्या वर्षी हलका स्वार बसतो, तोही २० मिनिटे, कारण पाठीच्या मणक्यांची वाढ पाच-साडेपाच वर्षांच्या सुमारास पूर्ण होते. बाजारात दोन-अडीच वर्षांच्या शिंगरांवर धिप्पाड माणसे बसलेली पाहिली की मला फार वाईट वाटते, कारण त्या पाठीचे दुखणे पुढे कोणा मुलाच्या वाट्याला येणार असते.

त्यामुळे तुम्ही ८ ते १२ वर्षांचे, खच्ची केलेले, साधारण १३ हात उंचीचे जनावर पाहा. एक हात म्हणजे ४ इंच. अशा तट्टाचे वजन २८० ते ३०० किलो असते, आणि स्वार व खोगीर मिळून त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत राहायला हवे. तुमची मुलगी आणखी चार-पाच वर्षे त्यावर बसू शकेल. रोज सहा किलोच्या आसपास सुका चारा आणि २५ ते ३० लिटर पाणी धरा. काम हलके असेल तर हरभऱ्याचा मारा करू नका. बरीच मस्ती खुराकातून येते.

पाहायला जाल तेव्हा सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधी पोहोचा. पाठीला हात लावा. घाम वाळलेला असेल, तर तुम्ही येण्याआधीच त्याला दमवले आहे. रानातून पकडताना, खोगीर कसताना, पाय उचलताना पाहा. आधी मालकाला बसू द्या, मग जाणत्या मोठ्या माणसाला, आणि सर्वांत शेवटी मुलीला. कठीण जमिनीवर सरळ रेषेत दुडकी काढायला सांगा आणि डोके वरखाली होते का, ते पाहा; होत असेल तर पाय दुखतो आहे. दुखणे लपवायला इंजेक्शन दिलेले असू शकते, म्हणून पाच-सहा दिवसांनी न कळवता पुन्हा जा. ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा अहवाल आल्याशिवाय जनावर घरी आणू नका. हा रोग माणसालाही होतो आणि बाधित घोडा कायद्याने मारावा लागतो. तपासणीसाठी तुम्हाला शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे.

आता किंमत. असे तयार तट्टू मी दीड लाखाच्या खाली देऊ शकत नाही, कारण आठ वर्षांचा चाराच त्याहून अधिक होतो.

तापीकाठ
खच्ची करण्याचा सल्ला मला पटत नाही. घोड्याचे तेज निघून जाते. आमच्याकडे घरचा घोडा खच्ची करणे कमीपणाचे मानतात, आणि माझा घोडा पूर्ण असूनही लहान मुलांना पाठीवर घेतो.

निवृत्त रिसालदार
पाठीवर घेतो, कारण शेजारी तुम्ही उभे असता. बांधावर कोणाची माजावर आलेली घोडी चरत असेल तेव्हा ३४ किलोची मुलगी त्याला कशी आवरणार, हे सांगावे. मी ज्या पागेत आयुष्य काढले, तेथे नवशिक्या स्वाराला पूर्ण घोडा कधीही दिला जात नसे. आपल्याकडे खच्ची घोडा बाजारात कमी मिळतो, ही खरी अडचण आहे, म्हणून घोडीही चालेल. काही घोड्या माजाच्या दिवसांत कमरेला हात लावू देत नाहीत, तेवढे विचारून घ्यावे. वय मात्र बाराच्या पुढे नको. आणि भोवऱ्यांविषयी: केस कोणत्या दिशेला वळले आहेत, यावरून जनावर लाथ मारील की नाही, हे मला ४० वर्षांत एकदाही समजलेले नाही.

तापीकाठ
भोवऱ्यांवर आपला विश्वास नसेल. विकत घेणाऱ्यांचा असतो. अकलूजच्या बाजारात केवळ एका भोवऱ्यामुळे निम्म्या किमतीला गेलेली घोडी मी पाहिली आहे.

लेस्टरची सारिका
येथे इंग्लंडमध्ये माझ्या मुलीचे वेल्श पोनी आम्ही विकत घेतलेले नाही, करारावर सांभाळायला घेतले आहे. मूळ मालकांची मुलगी उंच झाली, त्यांना पोनी विकायचे नव्हते. चारा, नालबंद आणि डॉक्टर यांचा खर्च आम्ही करतो, मालकी त्यांचीच आहे. आमची मुलगी मोठी झाली की ते परत जाईल. तुमच्या क्लबात असे कोणाचे आहे का, ते विचारावे. आणि हेल्मेट नवीनच घ्या. एकदा जमिनीवर आपटलेले हेल्मेट बाहेरून चांगले दिसले तरी आतून निकामी झालेले असू शकते.

शर्यतीनंतर
सारिकाताईंशी सहमत आहे, आधी सांभाळायला घ्या. आणि पुन्हा सांगतो, फुकटचे घेऊ नका. वय ८ ते १२ हेच योग्य आहे.

कृष्णाकाठ
सर्वांचे आभार. क्लबात चौकशी केली, सांभाळायला देण्याजोगे कोणाकडे नाही. दीड लाख शक्य नाहीत. पुढे काय होते ते कळवीन.

कृष्णाकाठ (सात आठवड्यांनंतर)
घोडी घेतली. आपल्यापैकी कोणीच जे सुचवले नव्हते ते केले आहे, म्हणून कारणे लिहिते.

ती १६ वर्षांची आहे. जवळच्या एका थंड हवेच्या ठिकाणी अकरा हंगाम पर्यटकांना फिरवत होती. उंची १३ हातांना अर्धा इंच कमी. पाठीवर जुन्या खोगिराच्या जखमांच्या जागी पांढरे केस आले आहेत आणि तापीकाठ यांनी ज्याला अशुभ म्हटले असते असा भोवराही आहे. डॉक्टरांनी वरच्या कोपऱ्यातल्या दातावरची खाच दाखवली. ती दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीपाशी दिसू लागते आणि पंधराव्याला दाताच्या निम्म्यापर्यंत उतरते. हिची निम्म्याच्या किंचित खाली आहे, म्हणजे मालकाने वय खरे सांगितले होते. मागचा डावा पाय सकाळी जरा आखडतो आणि दहा मिनिटे चालल्यावर मोकळा होतो. हलके काम असेल तर आणखी पाच-सहा वर्षे ती आनंदाने चालेल, असे त्यांचे मत पडले. किंमत ४२ हजार. ग्लँडर्सचा अहवाल आल्यावरच पैसे दिले.

माळावरची पागा यांनी सांगितल्याप्रमाणे तासभर आधी गेलो, नंतर न कळवता दोनदा गेलो. तिसऱ्या वेळी मुलगी तिचा पुढचा पाय मांडीवर घेऊन खुरातील चिखल काढत बसली होती, आणि पत्रे भरलेला टेम्पो खडखडत अगदी शेजारून गेला. घोडीने एक कान तिकडे वळवला, मग तो पुन्हा माझ्या मुलीकडे फिरवला, आणि पाय तसाच तिच्या मांडीवर राहू दिला. मी तेव्हा ठरवले. पाच वर्षांनी हिला कोणी विकत घेणार नाही, हे मला ठाऊक आहे. तिला विकायचे नाही. ती आमच्याच रानात म्हातारी होईल, आणि उरलेली रक्कम मी त्यासाठीच बाजूला ठेवली आहे.

निवृत्त रिसालदार
मी आपल्याला या वयाची घोडी घेऊ दिली नसती. म्हातारपणाचा खर्च हळूहळू वाढतो, याची तयारी ठेवावी.

मेंढवाडा
४२ हजारांत तरुण भीमथडी आली असती.

माळावरची पागा
मीही घेतली नसती, कारण मला पुढे विकायचे असते. तुम्हाला विकायचे नाही, तेव्हा हिशेब वेगळा होतो. आता आली आहे, तर तिच्याकडे नीट लक्ष द्या. महिन्याभरात डॉक्टरांकडून दात कानशीने घासून घ्या. या वयात दाढांना धार येते आणि चावलेल्या कडब्याचे गोळे तोंडातून खाली पडू लागतात. खुराक भिजवून द्या. धनुर्वाताची लस आणि जंताचे औषध यांच्या तारखा गोठ्यात लिहून ठेवा. नालबंद दर सहा आठवड्यांनी बोलवा. आखडलेल्या पायासाठी पहिली दहा मिनिटे मुलीने खाली उतरून तिच्या शेजारी चालावे. आणि एकटी ठेवू नका. शेळी असली तरी सोबत होते.

कृष्णाकाठ
शेळ्या दोन आहेत, त्यांतली एक आताच तिच्या गव्हाणीत झोपते. एक अडचण आहे. मालकाने दिलेले खोगीर त्या पांढऱ्या केसांवरच टेकते आणि कसताना ती दात विचकते. नवीन घ्यायचे तर माप कसे घ्यावे?

माळावरची पागा
ते खोगीर आजपासून घालू नका. दात विचकते, म्हणजे तिथे दुखते आहे. वाकेल अशी जाड तार घ्या. खांद्याच्या हाडाच्या मागे चार बोटे सोडून ती पाठीवर आडवी दाबून बसवा, न हलवता उचला आणि कागदावर ठेवून तिच्या आतून रेघ काढा. तशीच दुसरी रेघ पाठीच्या मध्यावर आणि तिसरी मागे, जिथे खोगीर संपते तिथे. तीनही कागदांवर डावी-उजवी बाजू लिहून फोटो पाठवा. माझ्याकडे लहान मुलांची चार जुनी खोगिरे आहेत, त्यांतले बसत असेल तर घेऊन जा. तोपर्यंत जाड घोंगडी घालून, कोणीतरी दोरी धरून, फक्त चालीने फिरवा.