डॉली पार्टन: पोर्टर वॅगनरने घडवलेली, की त्याला पुरून उरलेली?

तबकडीवाला (धागाकर्ता):

अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेल्या ‘कंट्री’ संगीताची गायिका-गीतकार डॉली पार्टन हिच्या उमेदवारीच्या काळाची कथा हल्ली एकाच साच्यात सांगितली जाते. टेनेसीच्या डोंगरात, एका खोलीच्या लाकडी घरात, बारा भावंडांत चौथी म्हणून वाढलेली मुलगी निव्वळ स्वतःच्या बळावर कंट्री संगीताचे केंद्र असलेल्या नॅशव्हिलला पोहोचली आणि झगमगीत कोट घालणारा गायक पोर्टर वॅगनर हा तिच्या वाटेतला धोंडा होता, असा तो साचा. मला हा पोर्टरवर अन्याय वाटतो. १९६७ साली त्याने गायिका नॉर्मा जीनच्या जागी तिला आपल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात घेतले, तेव्हा तिच्या नावावर कंट्री संगीताच्या यादीत २४व्या आणि १७व्या क्रमांकापर्यंत पोहोचलेली दोनच गाणी होती, आणि त्यांतले पहिले, ‘डंब ब्लाँड’, तर कर्ली पटमनने लिहिलेले होते. सुरुवातीला प्रेक्षक नॉर्मा जीनच्या नावाने ओरडत असत. तरी तो मागे हटला नाही. आरसीए या तबकड्यांच्या कंपनीचा नॅशव्हिलमधला प्रमुख चेट अ‍ॅटकिन्स याला डॉलीचा आवाज पटला नव्हता, तेव्हा ‘तोटा झाला तर माझ्या रॉयल्टीतून कापून घ्या’ असे आपण सांगितले होते, असे पोर्टर स्वतः सांगत असे. कंपनीने तिला एकटीला पुढे न करता आधी दोघांचे द्वंद्वगीत काढले आणि ते पहिल्या दहांत गेले. मग १९७० साली पोर्टरने जिमी रॉजर्सचे जुने ‘म्यूल स्किनर ब्लूज’ तिला सुचवले, ते तिसऱ्या क्रमांकावर पोहोचले आणि पुढच्याच वर्षी ‘जोशुआ’ पहिल्या क्रमांकावर गेले. हे श्रेय त्याला नाही द्यायचे तर कोणाला द्यायचे?

हिशेबनीस:

असहमत. तुम्ही कथा १९६७ पासून सुरू केलीत, म्हणून पोर्टर पहिल्याच पानावर आला. डॉलीबाई दहाव्या वर्षी नॉक्सव्हिलला कॅस वॉकरच्या कार्यक्रमात गात होत्या. १९५९ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, त्यांची पहिली तबकडी निघाली, आणि त्याच सुमारास ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नॅशव्हिलच्या प्रसिद्ध रेडिओ-मैफलीच्या मंचावर गायक जॉनी कॅशने त्यांना लोकांपुढे आणले. १९६४ साली शाळा संपली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी नॅशव्हिल गाठले. तिथल्या मोन्युमेंट या तबकड्यांच्या कंपनीच्या फ्रेड फॉस्टरला त्यांच्याकडून हलकीफुलकी पॉप गाणी हवी होती. कंट्री गाण्यासाठी हा आवाज योग्य नाही, असे त्याचे मत होते. ते मत कोणी बदलले? पोर्टरने नव्हे. डॉलीबाई आणि त्यांचे मामा बिल ओवेन्स यांनी लिहिलेले ‘पुट इट ऑफ अन्टिल टुमारो’ बिल फिलिप्सने गायले, ते १९६६ साली सहाव्या क्रमांकापर्यंत गेले आणि त्यात मागे साथीला गाणारी ही मुलगी कोण, अशी विचारणा होऊ लागली, तेव्हा कंपनीने हट्ट सोडला. त्याच वर्षी मामा-भाचीने गाण्यांच्या हक्कांसाठी स्वतःची प्रकाशन संस्थाही काढली.

आणखी एक प्रसंग मला त्यांच्या स्वभावाची किल्ली वाटतो. एवढ्यात लग्न करू नये, अशी कंपनीची इच्छा होती. डॉलीबाईंनी वाद घातला नाही. नॅशव्हिलच्या वर्तमानपत्रांत बातमी येऊ नये म्हणून शेजारच्या जॉर्जिया राज्यातील रिंगोल्ड या गावी जाऊन मे १९६६ मध्ये त्या कार्ल डीनशी लग्न करून मोकळ्या झाल्या. अशा बाईला कोणी ‘घडवले’ म्हणणे धाडसाचे आहे.

तबकडीवाला:

स्वभावाबद्दल दुमत नाही. पण नुसत्या स्वभावावर तबकड्या खपत नसतात. पोर्टरचा कार्यक्रम अनेक शहरांतल्या वाहिन्या दर आठवड्याला दाखवत, आणि डॉलीला वर्षाला साठ हजार डॉलर मिळत. त्या काळच्या नवख्या गायिकेसाठी ही रक्कम लहान नव्हती. पोट भरल्यावर लिहिणे सोपे जाते, हेही मान्य करावे लागेल. ‘कोट ऑफ मेनी कलर्स’ हे आईने चिंध्या जोडून शिवलेल्या कोटाचे गाणे पोर्टरच्या बसमध्ये लिहिले गेले, आणि तेही त्याच्या कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगच्या पावतीवर. (कागदसुद्धा त्याचाच होता, असे गमतीने म्हणतो.)

डोंगरवाट:

तुम्हा दोघांचे भांडण नॅशव्हिलमधल्या पुरुषांच्या श्रेयावर चालले आहे. गाण्यात काय आहे, याकडे कोणी पाहत नाही. डॉलीचे वडील कुळाने शेती करणारे, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. हिच्या जन्माच्या वेळी आलेल्या डॉक्टरला मोबदला म्हणून मक्याच्या पिठाचे पोते दिले गेले. आई जुनी पोवाड्यांसारखी कथागीते घरात गात असे. आठव्या वर्षी गिटार हाती आली ती मामाकडून, आणि पहिल्या ध्वनिमुद्रणासाठी लुईझियानापर्यंतचा बसचा लांबलचक प्रवास झाला तो आजीच्या सोबतीने. हा ऐवज पोर्टरच्या आधीचा आहे. गरिबी विकून ती मोठी झाली, असा आक्षेप मी ऐकला आहे. तो मला पटत नाही, कारण कोटाच्या त्या गाण्यात दया मागणे नाही. वर्गातली मुले हसतात आणि तिला त्यांच्या हसण्याचे कारणच कळत नाही. हे तपशील कोणताही निर्माता सुचवू शकत नाही. मात्र हिशेबनीसांशीही मी पूर्ण सहमत नाही. मामाच्या कष्टांचा उल्लेख त्यांनी ओझरता केला; तिला वर्षानुवर्षे दारोदार नेणारा तोच होता.

हिशेबनीस:

मामांबद्दलचा आक्षेप मान्य. ती माझी चूक. परंतु पोर्टरच्या उपकारांचा प्रश्न उरतोच, म्हणून हिशेबच मांडतो. डॉलीबाईंच्या सांगण्यानुसार बोली पाच वर्षांची होती आणि त्या सात वर्षे राहिल्या. १९७४ साली त्या निघाल्या, पण ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ त्यांनी १९७३ सालीच लिहिले होते; ते गाणे म्हणजे पोर्टरचा घेतलेला निरोप होता. एल्विस प्रेस्लीला ते गायचे होते, पण त्याचा व्यवस्थापक कर्नल पार्कर याने प्रकाशन हक्कांतील निम्मा वाटा मागितला. डॉलीबाईंनी नकार दिला. १९९२ साली व्हिटनी ह्यूस्टनने ते गायले, अमेरिकेच्या मुख्य यादीत ते चौदा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले आणि हक्क ज्यांचे होते, त्यांनाच पैसे मिळाले. पोर्टरने मात्र १९७९ साली डॉलीबाईंवर तीस लाख डॉलरचा दावा लावला होता. तो न्यायालयाबाहेर तडजोडीने मिटला.

तबकडीवाला:

दाव्याचे समर्थन मी करणार नाही. तो प्रकार क्षुद्र होता. पण २००७ साली पोर्टरच्या ऑप्रीतील पन्नास वर्षांच्या सोहळ्यात डॉली गायला आली, आणि त्याच वर्षी तो गेला, तेव्हा अखेरच्या घटकांत ती त्याच्याजवळ होती. वाटेतल्या धोंड्यासाठी कोणी इतके करत नाही.

हिशेबनीस:

करतात, कारण तोवर हिशेब चुकता झालेला असतो. ‘म्यूल स्किनर ब्लूज’चे श्रेय पोर्टरला देतो, ‘जोशुआ’ डॉलीबाईंनी लिहिले होते, ते नाही देणार.