मदत हवी आहे : आई भेटून गेल्यावर बाळाला कसे सावरावे?

नमस्कार. चाकणच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या पाळणाघरात मी मदतनीस आहे. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय बंधनकारक झाली आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटता येऊ लागले; ही तरतूद मला मनापासून मोलाची वाटते. मात्र चौदा महिन्यांचा एक मुलगा आई भेटून कामावर परतताच तिची ओढणी मुठीत घट्ट धरून दाराशी बसतो आणि मऊ भाताचा घासही घेत नाही. आईने त्याची नजर चुकवून निघावे, असे आमच्या ताई सुचवतात. मला ते पटत नाही, कारण नंतर तो दिवसभर दाराकडेच पाहत राहतो. आईने निरोप कसा घ्यावा, हे अनुभवी भगिनींनी कृपया सांगावे.