क्लासिक ३५०: बॅफल काढलेल्या सायलेन्सरचा आवाज फाटका, घाट उतरताना फटाके

आंबाघाट_३५०

गाडी रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०, २०१४ ची, कार्ब्युरेटरवाली. सायलेन्सर कंपनीचा नाही, बाहेरून घेतलेला, सरळ नळीचा, आणि त्यातला बॅफल (आवाज दाबणारी आतली भोकांची नळी) आधीच्या मालकाने काढून टाकलेला. आवाज मोठा आहे पण भरीव नाही, पत्र्यावर हाणल्यासारखा येतो. आंबा घाटातून साखरप्याकडे उतरताना थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटाक्यांसारखे आवाज. दुसऱ्या गिअरला खालून ओढही नाही. मला आवाज वाढवायचा नाही, कमी आणि खोल करायचाय. कंपनीचा सायलेन्सर घरी आहे, पण तो खालून गंजून भोक पडलंय. बॅफल बनवून घ्यायचा तर वेल्डिंगवाल्याला माप काय द्यायचं? तो म्हणतो, "अर्धा इंची पाइप टाकू, आवाज बसेल."

मिरजोळे_टिग

अर्धा इंची अजिबात नको. तो जीआय पाइप आतून साधारण १६ मिमी असतो, म्हणजे वाट फक्त २०० चौरस मिमी. तुमच्या बेंड पाइपचा (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतच्या नळीचा) आतला व्यास ३५ मिमी धरला (व्हर्नियर लावून खात्री करा) तर त्याची वाट ९६२ चौरस मिमी. जेमतेम पाचवा हिस्सा उरला. गाडी ६० च्या पुढे रडेल आणि हेड तापेल. शिवाय जीआयवर जस्ताचा थर असतो, वेल्डिंग करताना त्याचा धूर छातीत जातो. पाइप ३०४ स्टेनलेसचाच घ्या, वेल्डिंग टिगने (वायूच्या आच्छादनात होणारं वेल्डिंग), फिलर म्हणजे सांध्यात भरायची तार ३०८एल.

आता रचना. ३८ मिमी बाहेरचा व्यास आणि दीड मिमी जाडीची १५० मिमी लांब नळी. इंजिनाकडचं तोंड चकती मारून बंद, मागचं उघडं. मागच्या तोंडाला सायलेन्सरच्या मधल्या नळीत घट्ट बसेल असा वॉशर. गॅस बाहेरून भोकांतून आत शिरतो आणि मागून निघतो. भोकं ५ मिमीची, प्रत्येकी १९.६ चौरस मिमी. नळीच्या घेरावर ८ ओळी आखा, दोन भोकांत १५ मिमी अंतर ठेवा. प्रत्येक ओळीत ६ म्हणजे ४८ भोकं, एकूण ९४२ चौरस मिमी, बेंड पाइपच्या जवळजवळ बरोबर. इथूनच सुरुवात करा. गाडी चालवून बघा, ओढ कमी वाटली तर ओळीत आणखी दोन पाडून ६४ करा. भोक वाढवता येतं, बुजवणं कटकटीचं. आधी पंचमार्क, मग ३ मिमीचा ड्रिल, मग ५ चा. आतला काठ कानशीने साफ करा, नाहीतर विशिष्ट आरपीएमला शिट्टी वाजते.

जिथे बहुतेक जण फसतात ते माप वेगळंच आहे. बॅफलची नळी आणि सायलेन्सरची मधली नळी यांच्यामधली फट. मधली नळी आतून ५४ मिमी असेल तर फट ११५६ चौरस मिमी, उत्तम. ती ४८ असेल तर फट फक्त ६७५, मग भोकं कितीही पाडा, गाडी तिथेच गुदमरणार. म्हणून आधी मधली नळी मोजा, मग पाइप आणा.

कार्बवाला_लांजा

बॅफलच्या आधी फटाक्यांचं बघा, त्यांचं मूळ बहुतेक वेळा दुसरीकडे असतं. थ्रॉटल सोडल्यावर न जळलेलं पेट्रोल बेंड पाइपमध्ये येतं, आणि कुठूनतरी ताजी हवा आत ओढली गेली की ते तिथेच पेटतं. हवा शिरायच्या जागा दोन: हेडजवळची गॅस्केट, आणि बेंड पाइप व सायलेन्सरचा सांधा. गाडी थंड असताना चालू करा, दोन्ही सांध्यांवर साबणाचं पाणी लावा, मागच्या तोंडावर जाड ओलं फडकं दोन-तीन सेकंद धरा. बुडबुडे आले की जागा सापडली. हेडची गॅस्केट नवी टाका, जुनी परत बसवू नका, ती एकदाच दबते. नट दोन्ही बाजूंनी थोडे थोडे, आलटूनपालटून आवळा. एकच नट आधी पूर्ण आवळला की फ्लँज (पाइप हेडला धरून ठेवणारी पट्टी) तिरका बसतो.

गळती नसेल तर प्लग काढून बघा. पांढरा असेल तर मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. सरळ नळीच्या सायलेन्सरवर हे होतंच. इंजिन पूर्ण गरम करून कार्ब्युरेटरचा पायलट स्क्रू (आयडलचं मिश्रण ठरवणारा) पाव पाव फेरा फिरवा, आयडल जिथे सगळ्यात स्थिर लागेल तिथे सोडा. एअर सक्शन व्हॉल्व्ह (एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडणारा) असेल तर त्याचा रबरी पाइप चिरलाय का तेही पाहा. खालून ओढ नाही ही तक्रारही निम्मी इथेच मिटेल.

देवगड_ओलीवाट

'पत्र्यावर हाणल्यासारखा' म्हणजे सायलेन्सरमधलं ग्लासवूलचं (काचेच्या धाग्यांच्या लोकरीचं) पॅकिंग संपलंय. सिंगल सिलिंडर फोर स्ट्रोक ३००० आरपीएमला सेकंदाला २५ ठोके देतो. तुम्हाला हवा तो खोल आवाज त्या ठोक्यांचा आहे आणि तो आधीपासून आहेच. त्याच्यावर चढलेली किरकिर ग्लासवूल खातो. म्हणून फक्त बॅफल घातलात तर आवाज कमी होईल, पोत मात्र तोच राहील. दोन्ही कामं एकत्र करा.

एंड कॅपचे (सायलेन्सरच्या मागच्या झाकणाचे) रिव्हेट ड्रिलने उडवा, जुना वूल मास्क आणि हातमोजे घालून काढा. मधल्या जाळीदार नळीवर आधी स्टेनलेस वूलचा एक थर, वर एक्झॉस्टसाठीचा लांब धाग्याचा ग्लासवूल. छताखाली टाकतात तो वापरू नका, त्यातला डिंक जळून घाण वास येतो आणि महिन्याभरात सगळा मागून उडतो. प्रमाण एका लिटर जागेला १०० ते १५० ग्रॅम. बाहेरचा डबा आतून ९० मिमी, जाळीची नळी बाहेरून ५७, लांबी ३०० असेल तर जागा सव्वा लिटरच्या आत, म्हणजे ११५ ते १७० ग्रॅम. ठासून भरलात तर तो भिंतीसारखा वागतो आणि किरकिर परत येते. सैल भरलात तर धक्क्यांनी मागे सरकून पुढे पोकळी पडते.

आणि खारी हवा विसरू नका. एक लिटर पेट्रोल जळताना साधारण लिटरभर पाणी तयार होतं. बाजारापर्यंत दोन किलोमीटर जाऊन गाडी बंद केली की ते आतच साचतं, वूल भिजतो, आणि तुमचा कंपनीचा सायलेन्सर जिथून गेला तिथूनच हाही जातो. सायलेन्सरच्या सगळ्यात खालच्या जागी ३ मिमीचं भोक असू द्या, चिखलाने बुजलं तर तारेने मोकळं करा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी वीस मिनिटं सलग चालवा. रिव्हेट स्टेनलेसचेच, ॲल्युमिनियमचे किनाऱ्यावर दोन पावसाळ्यांत पांढरी भुकटी होतात.

एमएच०८_नियम

कायद्याचंही लिहितो. १७५ सीसीच्या वरच्या मोटारसायकलला नव्याने मंजुरी मिळताना मर्यादा ८० डेसिबल. आवाजाचा नियम मोडला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दंड १० हजारांपर्यंत, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि लायसन्स तीन महिने अपात्र. बॅफल घातला तरी बाहेरचा सायलेन्सर बाहेरचाच, तपासणीत तो नियमात बसेल असं गृहीत धरू नका. माझं मत विचाराल तर कंपनीच्या सायलेन्सरला पॅच मारून तोच लावा. चिऱ्याच्या गडग्यांमधल्या अरुंद वाटेत आवाज दोन्ही बाजूंनी परततो, रात्री दहानंतर आजाऱ्यांचे आणि तान्ह्या मुलांचे हाल होतात.

बीएस६ वाल्यांसाठी: तुमच्या गाडीला इंजेक्शन, ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटकॉन (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) आहे. हा धागा वाचून काही कापू नका.

आंबाघाट_३५०

हेडच्या गॅस्केटला बुडबुडे आले, नवी टाकतोय. मधली नळी मोजली, नेमकी ४८ निघाली. आता?

मिरजोळे_टिग

मग ३२ मिमी बाहेरचा व्यास आणि १.२ जाडीची नळी घ्या. फट १००५ चौरस मिमी मिळते, ती चालेल. बाहेर पडायची वाट मात्र ६८८ च राहते, बेंड पाइपच्या सत्तर टक्के. रोजच्या चालीला फरक कळणार नाही, वरच्या टोकाला वेग थोडा कमी होईल, आवाज मात्र जास्त बसेल. घेर १०० मिमी, म्हणून ८ ओळींत साडेबारा मिमीचं अंतर पडेल. भोकं ४८ पुरे.

एम६ बोल्टने बसवा, लॉकनट लावा, आट्यांना कॉपर ग्रीस. बोल्टच्या डोक्यात १ मिमीचं भोक पाडून स्टेनलेसची तार ओवा आणि ती एंड कॅपला पिळून बांधा. या इंजिनाच्या थरथरीने बोल्ट सुटतो, आणि सुटलेला तापलेला बॅफल मागून येणाऱ्याच्या अंगावर जातो. पहिल्या ५० किलोमीटरनंतर एकदा आवळून बघा. कंपनीच्या सायलेन्सरचं भोक किती मोठं आहे त्याचा फोटो टाका. भोकाच्या भोवतीचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, घट्ट लागला तर पॅच धरेल, भसकन आत गेला तर वेल्डिंगवर पैसे घालू नका.