सिलेक्शन झालं म्हणतात, पण आधी २४ हजार मागतायत. अभिनयाची सुरुवात नेमकी कशी करू?

विट्याची_पोर

नमस्कार. मी २३ वर्षांची, विट्याची. वडिलांचे यंत्रमाग आहेत. बीएस्सी झालं, सध्या एका क्लासवर आठवी-नववीला गणित शिकवते. शिवाजी विद्यापीठाच्या युवा महोत्सवात तीन वर्षं एकांकिका आणि मूकनाट्य केलं. अभिनय करायचा हे पक्कं आहे, घरच्यांनी एक वर्ष दिलंय.

गेल्या आठवड्यात इन्स्टाग्रामवर एका मालिकेच्या ऑडिशनची जाहिरात बघितली. फोटो पाठवले. व्हिडिओ कॉलवर दोन ओळी म्हणून घेतल्या आणि दुसऱ्याच दिवशी फोन, नायिकेच्या बहिणीच्या रोलसाठी सिलेक्शन झालंय म्हणून. आता पोर्टफोलिओ आणि आर्टिस्ट कार्डासाठी शनिवारपर्यंत २४ हजार भरायला सांगतायत. माझ्याकडे साठवलेले ७० हजार आहेत.

भरू का? कोर्स केल्याशिवाय कुणी उभं करतं का? एक सर म्हणाले तुझी भाषा गावाकडची आहे, आधी ती घालव. आणि उंची ५ फूट १ इंच आहे, तर मॉडेलिंगचा विचारच सोडू का?

कटिंग_चहा

भरू नको. शनिवारपर्यंतची मुदत कशासाठी? तू कुणाला विचारायच्या आत पैसे यावेत म्हणून.

सेटवरची_मावशी

अगं, एक रुपया देऊ नकोस. मी २००९ साली दिले होते, ११ हजार, अंधेरीतल्या एका ऑफिसात. बार्शीहून आले होते, आईने भिशी उचलून पैसे हातात ठेवले होते. बदल्यात एक जाड अल्बम मिळाला. बारा फोटो, तीन साड्या, एक गाऊन, आणि मेकअपचा इतका थर की माझा चेहरा त्यात सापडत नव्हता. तो अल्बम छातीशी धरून मी आठ महिने आरामनगरच्या, म्हणजे अंधेरीत जिथे ऑडिशन चालतात तिथल्या, गल्ल्या फिरले. कुणी उघडून पाहिला नाही. पहिलं काम मिळालं ते रूममेटने गच्चीवर काढलेल्या फोटोवर. तेल लावलेली वेणी, सुती कुर्ता. त्यांना गावातली धाकटी जाऊ हवी होती आणि त्या फोटोत ती दिसली.

कास्टिंग करणाऱ्याला पैसे निर्माता देतो, म्हणून तुझ्याकडून घ्यायचा प्रश्नच येत नाही. को-ऑर्डिनेटर, म्हणजे कलाकाराला काम मिळवून देणारा, कमिशन घेतो, पण ते तुझं मानधन आल्यावर, त्यातून. आणि आर्टिस्ट कार्ड म्हणशील तर कलाकारांच्या संघटनेचं, सिंटाचं सभासदत्व तू स्वतः त्यांच्या ऑफिसात जाऊन, त्यांचे नियम वाचून घ्यायचं असतं. व्हिडिओ कॉलवरचा माणूस ते विकू शकत नाही.

आता त्या ७० हजारांचं. मालिकेत पैसे 'पर डे'ने ठरतात आणि साधारण ९० दिवसांनी येतात. जूनमध्ये सहा दिवस काम केलंस तर ते पैसे हातात पडेपर्यंत सप्टेंबर संपतो, कधी दसरा येतो. त्यातून १० टक्के टीडीएस कापलेला असतो. उत्पन्न कमी असेल तर रिटर्न भरून तो परत मिळतो. मला हे तिसऱ्या वर्षी कळलं. तोवर कापलेले पैसे गेलेच असं मी धरून चालले होते. तर काम मिळाल्यानंतरचे तीन-चार महिने भाडं, डबा आणि लोकलचा पास यासाठी तुझे ७० हजार आहेत. ते फोटोग्राफरला देऊन बसलीस तर काम मिळूनही परत गावी जावं लागेल. माझ्याबरोबर दहिसरला राहणारी एक मुलगी अशीच गेली. माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं काम करायची. तिचा चेक आला तेव्हा ती लातूरला परतली होती. अजून वाईट वाटतं.

म्हणून क्लासचं शिकवणं सोडू नकोस, ऑनलाइन करून घे. मी बोरिवलीत दोन मुलांची शिकवणी घ्यायचे, सकाळी साडेसहाला. ज्या महिन्यात भाडं थकलेलं असायचं त्या महिन्यात माझ्या ऑडिशन वाईट व्हायच्या. समोरच्याचं वाक्य कानावर पडायचं नाही, डोक्यात घरमालक असायचा. आणि अभिनयात निम्म्याहून जास्त काम ऐकण्याचं असतं. कॅमेऱ्यात तर ते लगेच पकडलं जातं.

भाषेबद्दल मला फार कळकळीने सांगायचंय. सरांचं ऐकून विट्याची बोली घालवू नकोस. तिच्या शेजारी प्रमाण मराठी पक्की कर. मी बार्शीची भाषा दोन वर्षं घासूनपुसून काढली, आणि मग एका ऑडिशनला गावाकडची सासू आली तेव्हा ती भाषा तोंडात येईना. शब्द आठवत होते, सूर गेला होता. शेवटी रोज रात्री आईला फोन करून नुसतं बोलत बसायचे, महिनाभर. सातारा-कोल्हापूरकडच्या गोष्टींच्या मालिका सतत येतात आणि तिथे तुझ्यासारखं बोलणारी मुलगी हवी असते. पण डॉक्टरची किंवा वकिलाची भूमिका आली तर 'न' आणि 'ण' चुकून चालत नाही. रोज अग्रलेख मोठ्याने वाच आणि फोनवर ध्वनिमुद्रित करून ऐक. डबिंगच्या कामालाही हेच उपयोगी पडतं. पहिल्या दोन वर्षांत मला त्यानेच तगवलं.

कोर्स केलाच पाहिजे असं नाही. करायचाच असेल तर पुण्याचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स, दिल्लीचं एनएसडी (राष्ट्रीय नाट्य विद्यालय), अशा ठिकाणी रीतसर प्रवेश घे. तीन आठवड्यांत 'कॅमेरा फेस करायला' शिकवणाऱ्यांकडे नको. त्याहून जवळचं सांगू? तू सांगली जिल्ह्यातली आहेस. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं ते सांगलीतच. राज्य नाट्य स्पर्धेसाठी तिथल्या हौशी संस्था नाटकं बसवतात. एखाद्या संस्थेत जाऊन उभी राहा. पहिल्या वर्षी नुसतं प्रॉम्प्टिंग करायला मिळालं तरी कर. दोन-तीन महिन्यांची तालीम अंगात मुरते आणि सेटवर कामी येते, कारण सेटवर तालमीला वेळच नसतो. सीनची पानं कधी आदल्या रात्री येतात, कधी मेकअपच्या खुर्चीत. एक वाचन, मग मास्टर, म्हणजे अख्खा सीन लांबून, मग क्लोज, म्हणजे एकेकाचा चेहरा जवळून.

सेटवरच्या गोष्टी सेटवरच शिकशील, पण कंटिन्युटी, म्हणजे एका सीनमधून पुढच्या सीनमध्ये दिसणं तसंच राहणं, आत्ताच डोक्यात ठेव. पहिल्या मालिकेत मधे दोन दिवस सुट्टी मिळाली म्हणून मी मावसबहिणीच्या लग्नाला गेले आणि मेंदी काढून परत आले. सीन होता आदल्या सीनच्या पुढच्या पाच मिनिटांचा. दिवसभर हात पदराखाली. पन्नास माणसं माझ्यामुळे अडकली होती. त्यानंतर मालिकेत माझ्या पात्राची गोष्ट चालू असेल तेव्हा न विचारता मी नखही कापत नाही.

आणि हे नीट वाच. ऑडिशन दिवसा असते, स्टुडिओत किंवा ऑफिसात, इतर मुलंमुली बसलेली असतात. कास्टिंग करणाऱ्याचं नाव आणि निर्मितिसंस्थेचं नाव विचारायचं. संस्थेचा नंबर स्वतः शोधून खात्री करायची, त्यांनी दिलेल्या नंबरवर नाही. रात्री हॉटेलवर 'मीटिंग' असं कुणी म्हणालं, किंवा 'कॉम्प्रो' (कॉम्प्रोमाइज, म्हणजे रोलच्या बदल्यात शरीरसंबंधांची मागणी) हा शब्द उच्चारला, की तिथेच फोन ठेवायचा. नाही म्हटलं तर रोल हुकेल अशी भीती वाटते, मलाही वाटली होती. ज्या तीन ठिकाणी मी नाही म्हणाले त्यांपैकी एकाही ठिकाणी खरा रोल नव्हता, हे पुढे कळलं.

कोथरूडचा_फोटोवाला

मावशींनी पोर्टफोलिओचं सांगितलंच, मीही फोटोग्राफर असून तेच म्हणेन. सुरुवातीला साधे फोटो पुरेत. भिंतीसमोर, दिवसाच्या उजेडात, केस मागे, मेकअप नाही. समोरून, दोन्ही बाजूंनी, पूर्ण उभी आणि एक हसरा. फिल्टर अजिबात नको. फोटोत एक आणि प्रत्यक्षात दुसरीच आली की समोरच्याचा विश्वास जातो.

रॅम्पसाठी मुलींना साधारण ५ फूट ७-८ इंच उंची मागतात, तो नाद सोड. पण दागिने, हळदी-मसाल्याच्या जाहिराती, शाळा, बँका, इथे घरातली वाटणारी मुलगी लागते आणि उंची कुणी मोजत नाही. फक्त एक पाळ. जाहिरातीत दिवसाचे पैसे किती एवढंच विचारू नकोस, वापराचं विचार. फोटो किती महिने वापरणार, होर्डिंगवर, टीव्हीवर की फक्त डिजिटल, हे कागदावर घे. माझ्यासमोर एका मुलीने ५ हजारांत दागिन्यांचं शूट केलं, कागद काही नाही. तीन वर्षं तिचा चेहरा होर्डिंगवर होता. त्यापायी तिला दुसऱ्या सराफाचं काम घेता आलं नाही.

विट्याची_पोर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल त्यांना नाही म्हणून कळवलं. लगेच २४ चे ९ हजार केले, मग म्हणाले तुमचं नाव ब्लॅकलिस्टला टाकू. थोडी घाबरले, खरं सांगते. दादांना, म्हणजे वडिलांना, मावशींचं उत्तर वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण रात्री म्हणाले, सांगलीला मी सोडतो.

मावशी, इंट्रो म्हणजे नक्की काय पाठवायचं असतं? सगळे तेच मागतात.

सेटवरची_मावशी

अशी ब्लॅकलिस्ट कुठेही नसते, शांत झोप. तो नंबर ब्लॉक कर, स्क्रीनशॉट मात्र ठेव आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळव.

इंट्रो म्हणजे तीस-चाळीस सेकंदांचा व्हिडिओ. नाव, वय, उंची, सध्या कुठे राहतेस, कोणत्या भाषा येतात, आधी काय काम केलंय. मग डावी बाजू, उजवी बाजू, दोन्ही हात पुढून-मागून. फोन आडवा. वय खरं सांग. ऑडिशनचा सीन आला तर समोरची वाक्यं म्हणायला कुणीतरी माणूस उभा कर, भावाला कर, पण भिंतीकडे बघून बोलू नकोस.

खिडकीसमोर उभी राहा, उजेड तोंडावर येऊ दे. तुमच्याकडे मागांचा आवाज असणार, तर जेवणाच्या सुट्टीत माग थांबतात तेव्हा कर. आणि पंखा बंद.