परदेशातील वादग्रस्त वसाहतींना जाणारी देणगी : कायद्याने जबाबदार कोण?

मांजराकाठ, लातूर :
माझा भाचा न्यू जर्सीत नोकरीला आहे. त्याच्या एका सहकाऱ्याने वेस्ट बँकमधील (पूर्वी जॉर्डनकडे असलेला आणि १९६७ च्या युद्धापासून इस्रायलच्या ताब्यात असलेला पॅलेस्टिनी प्रदेश) एका इस्रायली वसाहतीत बालवाडी बांधण्यासाठी वर्गणी सुरू केली असून, तिच्यावर करसवलत मिळते असे पावतीवरच छापले आहे. "मामा, लेकरांच्या शाळेला पैसे दिले तर त्यात गैर काय?" असे त्याने विचारले आणि मला नीट उत्तर देता आले नाही. मी तलाठी होतो. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, तेव्हा देणगीदार संस्था आल्या की पहिला प्रश्न जमिनीचाच निघे : गट नंबर कोणता, खातेदार कोण, नोटीस कोणाला गेली. मोबदल्यावरून भांडणे झाली, पण खातेदाराला दाद मागायला जागा होती. तिकडे ज्याची जमीन गेली, त्याने कोणाकडे जायचे? देणगी देणारा किंवा ती गोळा करणारी संस्था जबाबदार ठरते का?

खंडपीठातील वकील, छत्रपती संभाजीनगर :
१९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचे कलम ४९ ताबा घेणाऱ्या सत्तेला स्वतःचे नागरिक व्याप्त प्रदेशात वसवण्यास मनाई करते. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४ मध्ये आणि पुन्हा १९ जुलै २०२४ रोजी दिलेल्या सल्लागारी मतांत या वसाहती बेकायदा ठरवल्या, आणि ही स्थिती टिकवण्यास इतर राष्ट्रांनी साहाय्य करू नये असेही २०२४ मध्ये सांगितले. इस्रायल सरकारला हे मान्य नाही. तो प्रदेश व्याप्त नसून वादग्रस्त आहे, अशी त्याची भूमिका आहे. अडचण अशी की हे बंधन राष्ट्रांवर आहे, पावती घेणाऱ्या माणसावर थेट नाही. २०१६ मध्ये पॅलेस्टिनींनी वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयात देणगीदार आणि संस्थांवर दावा लावला. तो 'राजकीय प्रश्न', म्हणजे न्यायालयाने नव्हे तर सरकारने सोडवायचा प्रश्न, म्हणून फेटाळला गेला आणि २०१९ मध्ये अपिलात पुन्हा जिवंत झाला. म्हणजे न्यायालयाला हे प्रकरण ऐकता येते की नाही, एवढ्यावरच तीन वर्षे गेली.

आपण तलाठी होता म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. जॉर्डनच्या काळात चाललेले जमीन नोंदणीचे काम १९६८ मध्ये इस्रायलच्या लष्करी आदेशाने थांबले. त्यामुळे असंख्य कुटुंबांकडे सातबाऱ्यासारखी नोंदच नाही, आणि अशी पुष्कळ जमीन पुढे 'सरकारी' ठरवून वसाहतींना दिली गेली.

न्यासांचे हिशेब पाहणारा, परभणी :
माझ्या मते खरा प्रश्न करसवलतीचा आहे. सवलत म्हणजे सरकारने सोडलेला महसूल. म्हणून ज्याने एक डॉलरही दिला नाही, तो करदातासुद्धा त्या बालवाडीत भागीदार होतो. वर्णभेद पाळणाऱ्या बॉब जोन्स विद्यापीठाची सवलत काढणे योग्य ठरवताना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये म्हटले की, प्रस्थापित लोकधोरणाविरुद्ध वागणारी संस्था धर्मादाय ठरत नाही. हेच तत्त्व इथे लावले पाहिजे. न्यूयॉर्कच्या विधानसभेत २०२३ मध्ये जोहरान ममदानी यांनी इस्रायली वसाहतींना पैसे पुरवणाऱ्या संस्थांना किमान १० लाख डॉलर दंड करण्याचे विधेयक मांडले. ते ज्यू संस्थांनाच लक्ष्य करते, असा आक्षेप त्याच सभागृहातील अनेक सदस्यांनी घेतला. आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही, पण कायदा सर्व देशांतील बेकायदा वसाहतींना सारखा लावला की हा आक्षेप उरत नाही.

आपल्याकडे पावती पुस्तकाचा एक अनुक्रमांक तुटला तरी लेखापरीक्षणात मला खुलासा द्यावा लागतो. १९६१ च्या आयकर कायद्यानेही न्यासाच्या परदेशातील खर्चाला सरसकट सूट दिली नव्हती. भारताला ज्यात स्वारस्य आहे असे आंतरराष्ट्रीय कल्याणाचे काम आणि त्यासाठी प्रत्यक्ष कर मंडळाचा आदेश, असे दोन्ही लागे.

मांजराकाठ, लातूर :
नोंदणी थांबल्याचे वाचून गायरान आठवले. ते कसणाऱ्यांची नावे मी स्वतः गाव नमुना १-ई मध्ये 'अतिक्रमण' म्हणून लिहिली आहेत. वीस वर्षे पेरणी केलेल्या माणसाकडे पुरावा म्हणून दंडाची पावती तेवढी असे, आणि ती तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून जपत असे. म्हणून भाच्याला लिहिले आहे : जमीन सरकारी आहे असे संस्था म्हणाली तर तेवढ्यावर थांबू नकोस. ती सरकारी कधी झाली आणि त्याआधी तिथे जैतुनाची झाडे कोणाची होती, हे लेखी माग, आणि उत्तर येईपर्यंत पैसे देऊ नकोस.