शॉर्ट सेलच्या घराला ऑफर किती द्यावी?

पारिजातक_जर्सी:

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं गेले आठ महिने सेंट्रल जर्सीत घर शोधतोय, दोन ठिकाणी बिडिंगमध्ये हरलो आणि आता जे घर आवडलंय ते नेमकं शॉर्ट सेल निघालं, म्हणजे मालकाचं पूर्ण कर्ज फिटणार नाही अशा किमतीला बँकेच्या संमतीने विकायचं. लिस्टिंग प्राइस ४,३५,००० डॉलर. मालकांचं पहिलं लोन थकबाकी धरून पाच लाखाच्या वर गेलंय आणि शिवाय दुसऱ्या बँकेचं हेलॉक (घर तारण ठेवून लागेल तसं काढायचं दुसरं कर्ज) आहे असं लिस्टिंग एजंट, म्हणजे मालकांचा एजंट, म्हणाला, बाकी मात्र तो ताकास तूर लागू देत नाही. घर रिकामं आहे, छप्पर जुनं, बेसमेंटच्या एका भिंतीवर पाण्याचे डाग, किचन ओट्यापासून कपाटांपर्यंत मूळचंच. छपराचं १६,००० आणि बेसमेंटचं १२,००० असं ओळखीच्या काँट्रॅक्टरने सांगितलंय.

गेल्या तीन महिन्यांत त्याच भागात तीन घरं विकली गेलीत, एक ४,९०,००० ला (सगळं नवीन केलेलं), एक ४,७२,००० ला आणि एक ४,५८,००० ला, हे शेवटचं बरंचसं आमच्यासारखंच पण छप्पर नवं आणि बेसमेंट कोरडं.

आता नवऱ्याच्या ऑफिसातला एकजण म्हणतोय शॉर्ट सेल म्हणजे बँक अडलेली असते, सरळ २० टक्के कमी करून टाका. आमचा एजंट म्हणतो लिस्टिंग प्राइसच द्या नाहीतर घर जाईल. दोघंही इतक्या ठामपणे बोलतायत की माझं डोकं बंद पडलंय. तुम्ही कोणी हे केलंय का, आकडा ठरवला कसा?

दगडफूल:

केलंय, आणि पहिली गोष्ट म्हणजे तो ४,३५,००० चा आकडा विसरा. तो लिस्टिंग एजंटने टाकलाय, बँकेने नाही. बऱ्याचदा ऑफर्स याव्यात म्हणून मुद्दाम कमी टाकतात, कारण ऑफर हातात असल्याशिवाय बँक फाइल नीट उघडतच नाही. म्हणजे बोलाचीच कढी आहे ती. तुम्ही पूर्ण ४,३५,००० दिले, मालकाने सही केली, तरी बँक तीन महिन्यांनी म्हणू शकते की आम्हाला ४,५५,००० हवेत.

त्यामुळे तुमच्या एजंटला आज एकच प्रश्न विचारायला लावा, ही किंमत बँकेने अप्रूव्ह केलीये का, आणि याआधी एखादी ऑफर बँकेपर्यंत जाऊन खरेदीदार पळाला होता का. तसं झालं असेल तर बँकेला किती हवेत ते तिकडे आधीच माहीत असतं आणि तुमचं निम्मं काम झालं.

नसेल तर बँक काय करणार, तर एका स्थानिक एजंटकडून बीपीओ मागवणार, ब्रोकर प्राइस ओपिनियन, किंवा अप्रेझल. बीपीओवाला कधी घरात येतो, कधी नुसता गाडीतून फोटो काढून जातो, आणि गाडीतून बेसमेंटची भिंत दिसत नाही! म्हणून ऑफरबरोबरच छपराचं आणि बेसमेंटचं लेखी एस्टिमेट, फोटो आणि ते ४,५८,००० वालं घर हे सगळं पॅकेजमध्ये घालायचं, आणि लिस्टिंग एजंटला सांगायचं की बीपीओवाला येईल तेव्हा स्वतः जाऊन हे त्याच्या हातात दे.

२० टक्केवाल्याचं ऐकू नका. बँक अडलेली असते हे खरं पण फायलीवर बसलेल्या माणसाचं काही अडलेलं नसतं. त्याच्याकडे किमान किती हातात पडले पाहिजेत याचा नियम असतो, त्याखाली तो जाऊच शकत नाही. मी घेतलं ते एफएचए (सरकारी विमा असलेल्या) लोनवालं होतं, त्यांचा नियम असा होता की खर्च जाऊन बँकेला अप्रेझलच्या ८८ टक्के मिळायला हवेत, घर महिनाभर बाजारात राहिलं की ८६, त्यानंतर ८४. प्रत्येक लोनचे नियम वेगळे, पण साधारण विचार हाच.

आता_बास:

आम्ही पाच महिने थांबलो. पाच! दर आठवड्याला फोन केला की बँकेचा निगोशिएटर बदललेला, मग कागद परत पाठवा, मग फाइल परत पहिल्यापासून. शेवटी बँकेने १८ हजार जास्त मागितले आणि उत्तर द्यायला ४८ तास दिले. सोडून दिलं. ऑफर किती द्यावी हे विचारण्याआधी घोंगडं किती दिवस भिजत ठेवू शकता ते ठरवा, तुमचं सध्याचं लीज कधी संपतंय?

पारिजातक_जर्सी:

लीज ऑगस्टपर्यंत आहे आणि नंतर महिन्या-महिन्याने वाढवून मिळेल असं म्हणालेत, म्हणजे घाई अशी नाही. दगडफूल, फार आभार. एक प्रश्न, आमच्याकडे डाउन पेमेंट आहे पण क्लोजिंग कॉस्टसाठी (व्यवहार पूर्ण करतानाच्या फी वगैरे) ओढाताण होईल, तर ४,३५,००० देऊन ३ टक्के सेलर क्रेडिट, म्हणजे तेवढे पैसे विकणाऱ्याच्या बाजूने आमच्या त्या खर्चासाठी, मागितलं तर चालेल का? आमच्या एजंटची आयडिया आहे, म्हणतो बँकेला आकडा मोठा दिसेल.

दगडफूल:

बँकेला आकडा मोठा दिसत नाही हो, बँक फक्त शेवटची ओळ बघते. ढोबळ हिशोब मांडतो, तुम्हीही करून बघा.

४,३५,००० मधून ५ टक्के कमिशन गेलं २१,७५०. जर्सीत रिअल्टी ट्रान्सफर फी विकणाऱ्याने द्यायची, ती या किमतीला साडेतीन हजाराच्या आसपास. हेलॉकवाल्या दुसऱ्या बँकेला पहिली बँक काहीतरी देऊन गप्प करते, समजा ६,०००. मालकाचं थकलेलं पाणी-सीवर बिल, वकील वगैरे धरा ३,७००. राहिले साधारण ४ लाख. आता तुमचं ३ टक्के क्रेडिट म्हणजे १३,०५० काढा, राहिले ३,८७,००० च्या आत.

आता समजा तुम्ही क्रेडिट न मागता ४,२५,००० दिले. तेच सगळे खर्च वजा केले तर बँकेच्या हातात ३,९०,५०० पडतात. म्हणजे दहा हजार कमी ऑफर देऊन बँकेला साडेतीन हजार जास्त! काही बँका क्रेडिट मान्य करतात, काही ते शेवटच्या क्षणी अप्रूव्हल लेटरमधून (शॉर्ट सेल मंजूर केल्याच्या बँकेच्या पत्रातून) कापतात, आणि तेव्हा तुमच्या हातात ४,३५,००० चा करार राहतो आणि क्रेडिट नाही. ओढाताण इतकी असेल की क्रेडिटशिवाय जमतच नाही तर मागा, नाहीतर मागू नका.

आणि रेट लॉक (तुमच्या कर्जाचा व्याजदर ठरावीक दिवसांसाठी पक्का करणं) आत्ता करू नका. लॉक ३०, ४५, ६० दिवसांचे असतात आणि वाढवायचे तर पैसे पडतात. अप्रूव्हल लेटर हातात आलं की मगच.

उंबरठा:

मी दुसऱ्या बाजूचा आहे. २०११ मध्ये कॅलिफोर्नियात नोकरी गेली, घर शॉर्ट सेलमध्ये विकलं, म्हणून जरा वेगळं सांगतो.

विकणाऱ्याला यातून एक पैसा मिळत नाही, काही प्रोग्रॅममध्ये घर हलवायला थोडेफार देतात तेवढेच. म्हणजे तुम्ही ४,२५,००० द्या नाहीतर ४,४०,००० द्या, त्या माणसाला घरी न्यायला काहीच फरक नाही, तरी बँकेकडे कुठली ऑफर पाठवायची ती सही तोच करतो. मग तो बघतो काय? हा माणूस शेवटपर्यंत टिकणार का. माझ्याकडे तीन ऑफर आल्या होत्या, सगळ्यात मोठी घेतली, हार्डशिप लेटर, पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंटं सगळं गोळा करून पाठवलं (आपण कसे बुडलो हे स्वतःच्या अक्षरात लिहून द्यायचं, ते पत्र लिहायला मला चार रात्री लागल्या), बँकेने १२ हजार वाढवून मागितले आणि खरेदीदार त्याच दिवशी गायब. परत सगळं पहिल्यापासून, तोवर आधीच्या स्लिपा शिळ्या झालेल्या, लिलावाची तारीख डोक्यावर. दुसऱ्या वेळी मधली ऑफर घेतली, त्या बाईंनी लिहून दिलं होतं की ९० दिवस थांबेन आणि बँकेने वाढवून मागितलं तर अमुक मर्यादेपर्यंत विचार करेन. घर त्यांनाच गेलं.

म्हणून आकडा लिहिताना सोबत प्रीअप्रूव्हल (तुम्हाला कर्ज मिळेल असं तुमच्या बँकेचं पत्र), डाउन पेमेंटचा पुरावा आणि किती दिवस थांबाल ते लेखी द्या. मर्यादेचा नेमका आकडा मात्र तुमच्याजवळच ठेवा.

अजून एक. कॅलिफोर्नियात २०११ पासून कायदा आहे की बँकेने शॉर्ट सेल मंजूर केला की उरलेल्या कर्जासाठी मालकाच्या मागे लागता येत नाही. जर्सीत तशी आपोआप सुटका नाही, त्यामुळे मालकाचा वकील दोन्ही बँकांकडून उरलेलं कर्ज माफ असं अप्रूव्हल लेटरमध्ये लिहून घेतल्याशिवाय हलणार नाही आणि हलूही नये. वेळ तिथे जातो. तुम्हाला वाटेल ऑफर कमी पडली म्हणून उत्तर येत नाही आणि प्रत्यक्षात दोन बँका एकमेकींकडे बोट दाखवत बसलेल्या असतात. वधू-वर तयार पण मानपानावरून वऱ्हाड अडलंय असा प्रकार.

दुसऱ्या बँकेने ऐन वेळी तीन-चार हजार जास्त मागितले आणि कोणी म्हणालं तुम्ही बाहेरून चेक देऊन टाका, तर अजिबात नाही. जे काही द्याल ते क्लोजिंगच्या कागदावर दिसलं पाहिजे आणि पहिल्या बँकेला माहीत पाहिजे, नाहीतर ती फसवणूक होते आणि त्यात तुम्हीही येता.

नारळ_फोडा:

सगळे आकड्यांवर बोलतायत, मला एकच विचारायचंय, त्या आवारात जमिनीखाली जुना ऑइल टँक (घर गरम करायच्या तेलाची टाकी) आहे का? जर्सीत जुनं घर म्हणजे हा प्रश्न आधी. गळका निघाला तर माती उपसण्याचा खर्च तुमच्या त्या दहा-पंधरा हजारांच्या वाटाघाटी गिळून टाकतो, आणि शॉर्ट सेल ॲज-इज, म्हणजे आहे त्या अवस्थेत, असतो, मालकाकडे पैसे नाहीत आणि बँक दुरुस्ती करून देत नाही. टँक स्वीप (जमिनीखाली टाकी आहे का याची यंत्राने तपासणी) करून घ्या, काही शे डॉलरचं काम आहे.

घर रिकामं आहे म्हणालात, पाणी चालू आहे का? हिवाळ्यात पाणी बंद करून पाइप रिकामे केले असतील तर इन्स्पेक्टरला प्लंबिंग तपासताच येत नाही. पाणी कोण चालू करणार आणि बंद कोण करणार हे करारात लिहून घ्या. आणि स्मोक डिटेक्टर-फायर एक्स्टिंग्विशरचं सर्टिफिकेट लागतं क्लोजिंगला, गावाप्रमाणे सर्टिफिकेट ऑफ ऑक्युपन्सी (घर राहण्यायोग्य असल्याचा दाखला) पण, ते एरवी विकणारा करतो, इथे तुम्हालाच करावं लागेल असं धरून चाला.

पारिजातक_जर्सी:

बापरे, ऑइल टँकचं तर डोक्यातच नव्हतं. घर १९५८ चं आहे. मागच्या भिंतीला एक पाइप बाहेर आलेला दिसला होता, मला वाटलं नळाचा असेल.

दगडफूल:

तो पाइप टँकचा असू शकतो! ऑफर देण्यापूर्वीच स्वीप करता येतो का विचारा. नाहीतर निदान ॲटर्नी रिव्ह्यूच्या (वकिलाने करार तपासायच्या) कामाच्या तीन दिवसांत वकिलाकडून करारात घालून घ्या की टँक निघाला तर डिपॉझिट परत घेऊन बाहेर पडता येईल, आणि इन्स्पेक्शनचा कालावधी अप्रूव्हल लेटर आल्यापासून मोजायचा असंही घाला, म्हणजे बँकेने नाही म्हटलं तर इन्स्पेक्शनचे पैसे वाया जात नाहीत. स्वीप मात्र आधीच.

पारिजातक_जर्सी:

अपडेट देते. लिस्टिंग एजंटकडून शेवटी कळलं की किंमत अप्रूव्ह्ड नाही, आधी एक ऑफर गेली होती पण बीपीओ व्हायच्या आतच ते लोक निघून गेले. टँक स्वीप झाला, पाइप नळाचा नव्हताच, खाली टँक होता पण तो आधीच काढून टाकलाय आणि त्याचे कागद गावाच्या ऑफिसात निघाले, ते दोन दिवस मी धड जेवले नाही.

आकडा असा ठरवला. ४,९०,००० वालं घर बाजूला ठेवलं, ते आमच्यासारखं नाहीच. ४,५८,००० मधून छपराचे १६ आणि बेसमेंटचे १२ हजार काढले की ४,३०,००० उरतात. म्हणजे लिस्टिंग प्राइस आहे त्या अवस्थेतल्या घरापेक्षा थोडी जास्तच आहे, स्वस्त तर मुळीच नाही, हे बघून आमचा एजंट जरा गप्प झाला. त्यातून थांबण्याचे आणि सर्टिफिकेटच्या भानगडीचे ५ हजार काढून ४,२५,००० लिहिले, क्रेडिट नाही, ९० दिवस थांबू असं लेखी, दोन्ही एस्टिमेटं आणि फोटो जोडलेत. नवरा आणि मी मिळून वरची मर्यादा ४,३७,००० ठरवलीये, एजंटलाही सांगितलेली नाही. काल मालकांनी सही केली.

तोवर दुसरी घरं बघणं चालू ठेवायचं का? एजंट म्हणतो चालू ठेवा, मला तसं करणं बरं वाटत नाही.

आता_बास:

बघा हो बघा. बँक तुमच्यासाठी थांबलेली नाही. करारात बाहेर पडायची सोय आहे ना, वकिलाला विचारून खात्री करा आणि रविवारची ओपन हाउसेस सोडू नका.

उंबरठा:

बघा, फक्त निघायचं ठरलं तर त्याच दिवशी कळवा, महिनाभर फोन न उचलण्यापेक्षा ते बरं. आणि बीपीओची तारीख कळली की तुमच्या एजंटला त्या ४,५८,००० वाल्या घराची आठवण परत करून द्या.

पारिजातक_जर्सी:

कळवीन. पुढच्या मंगळवारी बीपीओवाला येतोय, आत येणार आहे की गाडीतूनच फोटो काढणार ते अजून सांगितलेलं नाही.